24-4 हरलेले 18-4 कसे जिंकले? कॉलेज बेसबॉलमधला हातांचा हिशेब

नाशिकहून एका गृहस्थांनी विचारलंय: "मुलगा लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत एमएस करतोय आणि तिथल्या बेसबॉलने पार झपाटलाय. त्याने मला 2023 च्या अंतिम फेरीचे आकडे दाखवले. त्याचा संघ रविवारी 24-4 असा हरला आणि सोमवारी त्याच प्रतिस्पर्ध्याला 18-4 हरवून अजिंक्य ठरला. मी आयुष्यभर क्रिकेट पाहिलंय, मला हे सरळसरळ फिक्सिंग वाटतं. खरं काय ते सांगा. पुढच्या जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत, तर ओमाहाची ती स्पर्धा बघण्यासारखी आहे का, हेही सांगा."

फिक्सिंग नाही. उलट दोन्ही दिवशी दोन्ही संघ शहाण्यासारखे खेळले असं मी म्हणेन. माझी ओळख एवढीच की मी नेब्रास्का राज्यात, म्हणजे ओमाहा शहर ज्यात आहे तिथेच, राहतो, दिवसा नोकरी करतो आणि वसंत ऋतूत संध्याकाळी हायस्कूलच्या सामन्यांत अंपायर म्हणून उभा राहतो. याला आता सतरा वर्षं झाली. जळगावला शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळलो होतो, तेवढ्या भांडवलावर इथे शिरकाव झाला. ओमाहाच्या स्पर्धेला बहुतेक दर जूनमध्ये जातो, तिकीट काढून, सामान्य प्रेक्षक म्हणून.

तुमचा गोंधळ कुठे होतोय ते आधी सांगतो. तुमच्या डोक्यात नेट रनरेट आहे. आयपीएलमध्ये मोठ्या फरकाने हरलात तर पुढे भोगावं लागतं, म्हणून हरतानाही धावा वाचवायच्या असतात. इथे अंतिम फेरी तीन सामन्यांची, दोन जिंकेल तो विजेता. एका धावेने हरा नाहीतर वीस धावांनी, खात्यात एकच पराभव पडतो. त्या तीन सामन्यांचे आकडे बघा. पहिला एलएसयूने (तुमच्या मुलाच्या लुइझियाना स्टेटने) 4-3 घेतला, दुसरा समोरच्या फ्लोरिडाने 24-4, तिसरा एलएसयूने 18-4. बेरीज केलीत तर फ्लोरिडाच्या धावा 31 आणि एलएसयूच्या 26. जास्त धावा करणारा संघ हरला, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

मग सामना हातातून गेला की कोच काय करतो? तो धावा मोजायचं थांबवतो आणि हात मोजायला लागतो. पिचरला, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्याला, इथे नुसतं 'आर्म' म्हणतात. आमच्याकडे किती आर्म्स उरलेत, हे वाक्य मे-जूनमध्ये इतक्या वेळा कानावर पडतं की परक्या माणसाला हाडांच्या दवाखान्यात आल्यासारखं वाटावं.

कॉलेजचा मुख्य पिचर एका सामन्यात साधारण शंभर फेकी करतो आणि त्यातली प्रत्येक जवळपास पूर्ण ताकदीची असते. त्यानंतर त्याचा दंड आणि कोपर पाच-सहा दिवस कामाचे राहत नाहीत. बॅटर रोज खेळू शकतो, पिचर नाही. शिवाय एकदा बदललेला पिचर त्या सामन्यात सहसा परत येत नाही. दोन षटकांचा स्पेल टाकून स्लिपमध्ये उभं राहायचं आणि शेवटी पुन्हा चेंडू हातात घ्यायचा, असं इथे सहसा होत नाही. म्हणजे कोचकडे हातांची ठरावीक शिल्लक असते, ती तो आज खर्च करतो किंवा उद्यासाठी राखतो.

सगळा हंगाम याच शिल्लकेभोवती रचलेला आहे. फेब्रुवारीच्या मध्यात सुरुवात होते. उत्तरेकडे तेव्हा बर्फ असतो, त्यामुळे तिकडचे संघ पहिले कित्येक आठवडे दक्षिणेत पाहुणे म्हणून खेळत फिरतात. बेसबॉलची जुनी घराणी लुइझियाना, टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया अशा उबदार राज्यांत का, याचं निम्मं उत्तर हवामानात आहे. डिव्हिजन वन या वरच्या गटात सुमारे 300 कॉलेजं आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाला जास्तीत जास्त 56 सामने खेळता येतात. आठवड्याचा साचा ठरलेला असतो: शुक्रवार, शनिवार, रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीन सामने आणि मध्ये मंगळवारी किंवा बुधवारी जवळच्या एखाद्या कॉलेजशी एक. सर्वांत चांगला पिचर शुक्रवारी उतरतो. 'फ्रायडे नाइट गाय' ही कॉलेज बेसबॉलमधली खरी पदवी. शनिवारी दुसरा आणि रविवारी तिसरा. मंगळवारी ज्यांची परीक्षा घ्यायची आहे ती नवी पोरं.

तीन चांगले पिचर असले की नियमित हंगाम निभावतो. मे संपता संपता मात्र हा साचा मोडतो. मेमोरियल डेच्या, म्हणजे मे महिन्यातल्या शेवटच्या, सोमवारी 64 संघांची यादी जाहीर होते. कॉन्फरन्सचे, म्हणजे कॉलेजांच्या एकेका साखळीचे, विजेते थेट आत येतात, बाकीचे समिती निवडते. चार-चार संघांचे सोळा गट केले जातात आणि बहुतेक वेळा पहिल्या सोळा मानांकितांच्या मैदानांवर खेळवले जातात. एक पराभव माफ, दुसऱ्या पराभवाला घरी. गटाचे सोळा विजेते जोडीजोडीने भिडतात, तीनपैकी दोन जिंकायचे, त्याला सुपर रीजनल म्हणतात. उरलेले आठ ओमाहाला जातात. तिथे पुन्हा चार-चारचे दोन गट असतात आणि पुन्हा दोन पराभवांचा नियम. दोन गटविजेते मग तीन सामन्यांची अंतिम फेरी खेळतात. या स्पर्धेचं अधिकृत नाव मेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज, पण लोक नुसतं ओमाहा म्हणतात.

एक पराभव माफ हे ऐकायला दयाळू वाटतं, पण ती माफी फुकट मिळत नाही. सुरुवातीलाच हरलात तर गट जिंकायला एक-दोन सामने जास्त खेळावे लागतात, तेही लागोपाठच्या दिवशी. तुमचे हात झिजत असताना न हरलेला प्रतिस्पर्धी हॉटेलात पाय पसरून बसलेला असतो.

आता 2023 कडे येतो. अंतिम फेरीआधीचा आठवडा पाहिल्याशिवाय तो 24-4 समजणार नाही.

हंगामाआधीच्या क्रमवारीत एलएसयू पहिला होता, पण स्पर्धेत त्याला पाचवं मानांकन मिळालं. पहिलं वेक फॉरेस्टला आणि दुसरं फ्लोरिडाला. ओमाहात फ्लोरिडाने गटातले तिन्ही सामने एकेका धावेने जिंकले: व्हर्जिनियाविरुद्ध 6-5, ओरल रॉबर्ट्सविरुद्ध 5-4 आणि टीसीयूविरुद्ध 3-2. प्रेक्षकांचे प्राण कंठाशी आले, पण 21 जूनला त्यांचं काम संपलं आणि पिचर विश्रांतीला मोकळे झाले.

एलएसयूच्या गटात वेक फॉरेस्ट होता. 17 जूनला एलएसयूने टेनेसीला 6-3 हरवलं. 19 ला वेककडून 3-2 हार पत्करली. आता रोज जिंकणं भाग होतं. 20 ला टेनेसीला 5-0 घरी धाडलं. त्या दिवशी कोच जे जॉन्सनने सुरुवातीला उतरवला नेट अ‍ॅकेनहाउझेन, ज्याने एलएसयूसाठी तोवर एकही सामना सुरू केला नव्हता, आणि त्या पोराने सहा इनिंग एकही धाव दिली नाही (तीन बाद झाले की संघाची एक इनिंग संपते, सामना नऊ इनिंगचा, बरोबरी असेल तर पुढे चालू). 21 ला वेकला 5-2 हरवलं. दोघांच्या खात्यात एकेक पराभव झाला आणि 22 जूनचा सामना निर्णायक ठरला.

त्या गुरुवारबद्दल मी जरा लांबण लावणार आहे. पॉल स्कीन्स विरुद्ध ऱ्हेट लाउडर. स्कीन्स आधी हवाई दलाच्या अकादमीत होता, 2022 च्या उन्हाळ्यात एलएसयूला आला. त्या हंगामात त्याने 209 बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू धड मारू न देता बाद केले, साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये तोवर एका हंगामात एवढे कुणीच केले नव्हते. त्याचा वेगवान चेंडू तासाला 100 मैलांपलीकडे सहज जायचा, म्हणजे सुमारे 161 किलोमीटर. शोएब अख्तरने 2003 च्या विश्वचषकात 161.3 ची नोंद केली तेव्हा आपण महिनोन् महिने त्याच एका चेंडूबद्दल बोलत होतो. हा मुलगा धावत न येता, जागेवरून एक पाय उचलून, तशा वेगाचे चेंडू एका संध्याकाळी कितीतरी वेळा टाकायचा. (शोएबने टाकलेला चेंडू टप्पा पडून मंदावतो, इथे टप्पाच नाही. पण त्या वादात आत्ता नको.)

समोर लाउडरही तसाच भारी. त्याने सात इनिंगमध्ये तीन हिट दिल्या (चेंडू मारून बॅटर सुखरूप बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यावर, पोहोचला की हिट), स्कीन्सने आठमध्ये दोन. धावफलक 0-0. आठव्या इनिंगमध्ये वेकचा खेळाडू तिसऱ्या, म्हणजे धाव पुरी होण्याआधीच्या शेवटच्या, बेसवर पोहोचला. बॅटरने जोर न लावता चेंडू हळूच पुढे ढकलला, म्हणजे बंट केला, जेणेकरून तिसऱ्या बेसवरचा धावत घरी, म्हणजे बॅटर उभा असतो त्या होमप्लेटवर, येऊन धाव पुरी करील. एलएसयूचा फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक, ट्रे मॉर्गन झेपावत पुढे आला आणि चेंडू उचलून त्याने कॅचरकडे (आपल्या यष्टिरक्षकासारखा) असा काही सरकवला की धावणारा होमप्लेटपाशी टिपला गेला. मी अंपायर आहे, मला अशा क्षणी खेळाडूपेक्षा पंचाची काळजी जास्त वाटते. पण त्या चेंडूवर शंकेला जागा नव्हती.

स्कीन्सने 120 फेकी टाकल्या होत्या. त्याच्या जागी थॅचर हर्ड आला आणि तीन इनिंग कोरड्या गेल्या. अकराव्यात वेकने आपला शेवटच्या क्षणांसाठी राखलेला पिचर कॅमडन मिनाची आणला. त्याच्या पहिल्याच चेंडूवर टॉमी व्हाइटने होम रन मारला (आपला षटकारच, पण त्यात बेसवर असलेले सगळे घरी येतात). 2-0, खेळ खलास. पहिल्या मानांकनाचा वेक फॉरेस्ट, ज्याने एकमेव अजिंक्यपद 1955 साली मिळवलं होतं, ओमाहातून परतला.

आता एलएसयूच्या कोचच्या जागी बसा. सहा दिवसांत पाच सामने झालेत. तुमचा स्कीन्स संपलाय, हर्ड तीन इनिंग वापरलाय. परवापासून अंतिम फेरी आणि समोर दोन दिवस आराम केलेला फ्लोरिडा. त्यांचे तिघे पिचर, स्प्रोट, वाल्ड्रेप आणि कॅग्लियानोन, हंगामभर शुक्रवार-शनिवार-रविवार ज्या क्रमाने उतरले त्याच क्रमाने उभे. कागदावर फ्लोरिडाच पुढे होता.

पहिल्या सामन्याला टाय फ्लॉइड उतरला. तो 19 जूनला वेकविरुद्ध खेळला होता, म्हणजे जेमतेम विश्रांती झालेली. त्याने आठ इनिंगमध्ये 17 स्ट्राइकआउट घेतले. आठ इनिंगचे चोवीस बाद होतात, त्यातले सतरा एकट्याने, बॅटचा धड स्पर्श होऊ न देता. माझ्या मते अजिंक्यपद त्या शनिवारी ठरलं. अकराव्या इनिंगमध्ये केड बेलोसोने होम रन मारून 4-3 केले, वर्तमानपत्रांत त्याचा फोटो आला, पण फ्लॉइडने आठ इनिंग ओढल्या म्हणून बाकीचे हात शाबूत राहिले.

म्हणून रविवारी सामना हातातून निसटला तेव्हा एलएसयूला घाबरायचं कारण नव्हतं. एक विजय खिशात होता. धावांचा डोंगर वाढत असताना स्कीन्स किंवा हर्डला उठवून वीस धावांची तूट भरून काढायला लावणं म्हणजे दुसऱ्या दिवसाचं भांडवल जाळणं. जे पिचर सोमवारी तसेही लागणार नव्हते त्यांनी फटके खाल्ले. फ्लोरिडाच्या वायट लँगफर्डने पाचही वेळा हिट मारली, कॅग्लियानोनने दोन होम रन, टाय एव्हान्सने ग्रँड स्लॅमसह (तिन्ही बेस भरलेले असतानाचा होम रन) दोन. कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या एका सामन्यात 24 धावा तोवर कुणीच केल्या नव्हत्या. विक्रम फ्लोरिडाच्या नावावर लागला. बरोबरी मात्र 1-1 एवढीच झाली.

सोमवारी हर्ड सुरुवातीला उतरला. पहिल्याच इनिंगमध्ये लँगफर्डने त्याला होम रन ठोकला आणि माझ्या शेजारच्या निळ्या टोपीवाल्याने हातातला कागदी पंखा हवेत उडवला. त्यानंतर हर्ड स्थिरावला. तिकडे कॅग्लियानोनचा ताबा सुटला. हा विलक्षण मुलगा त्या हंगामात 33 होम रन मारून रविवारी पिचिंगही करायचा. पण दुसऱ्या इनिंगमध्ये चेंडू त्याचं ऐकेना. कुणाला फुकट बेस मिळतोय, कुणाच्या अंगावर चेंडू जातोय, असं होत एलएसयूच्या सहा धावा झाल्या. चार इनिंग संपता संपता 10-2. आता हात मोजायची पाळी फ्लोरिडाची होती, पण तिसऱ्या सामन्यानंतर उद्या नसतो. होते नव्हते ते सगळे पिचर एकामागून एक आले आणि थकलेल्या हातांना जे व्हायचं ते झालं. 18-4.

आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू कोण? पॉल स्कीन्स. अंतिम फेरीत त्याने एकही चेंडू टाकला नाही. दोन सामन्यांत 21 स्ट्राइकआउट करून संघाला तिथवर आणलं, याचीच ती पावती होती. पंधरा दिवसांत ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि त्याचाच सहकारी डिलन क्रूज दुसऱ्या क्रमांकावर वॉशिंग्टनला गेला. एकाच कॉलेजचे दोघे पहिले-दुसरे, असं आधी कधी झालं नव्हतं. 2025 मध्ये स्कीन्सला व्यावसायिक नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही मिळाला.

एक टोचणारी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्कीन्स, व्हाइट आणि हर्ड हे तिघेही त्या हंगामासाठी दुसऱ्या कॉलेजांतून आलेले. 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावाचे पैसे कमावता येतात, कॉलेज बदलणंही सोपं झालंय. तुमचा मुलगा ज्या संघावर जीव टाकतो तो दर उन्हाळ्यात निम्मा नवा असतो. मला यात वाईट फारसं वाटत नाही. पूर्वी बेसबॉल संघाला 11.7 शिष्यवृत्त्या मिळायच्या आणि कोच त्यांचे तुकडे करून पंचवीसेक पोरांत वाटायचे. पाव शिष्यवृत्तीवर खेळून उरलेल्या फीसाठी कर्ज काढणारी मुलं मी जवळून पाहिलीत. पण हंगाम जेमतेम संपलेला असताना लहान कॉलेजचा कोच फोन हातात घेऊन आपला शुक्रवारचा पिचर कुणी नेला ते बघत बसतो, त्याच्याकडे पाहवत नाही.

हातांच्या या हिशेबाची काळी बाजूही आहे. हायस्कूलमध्ये फेकींची मर्यादा आणि त्यानंतरच्या विश्रांतीचे दिवस राज्यागणिक ठरलेले आहेत. ती ओलांडली गेली तर माझ्यासमोर दोन्ही संघांच्या वह्या उघडतात. कॉलेजमध्ये अशी मर्यादा नाही, सगळं कोचच्या विवेकावर. 30 मे 2009 ला टेक्सास आणि बॉस्टन कॉलेज यांचा सामना 25 इनिंग चालला. टेक्सासच्या ऑस्टिन वुडने, आदल्या दिवशीही खेळलेला असताना, 13 इनिंगमध्ये 169 फेकी टाकल्या आणि पहिल्या बारापेक्षा जास्त इनिंगमध्ये एकही हिट दिली नाही. टेक्सास 3-2 जिंकला. लोक ती गोष्ट पराक्रम म्हणून सांगतात. मला मात्र त्याचा खांदाच आठवतो. स्कीन्सच्या 120 फेकींनाही टाळ्या वाजवताना माझे हात जरा जडच झाले होते.

आता ओमाहाला यायचं की नाही. या. ही स्पर्धा 1950 पासून इथेच भरते. आधी टेकडीवरच्या, प्राणिसंग्रहालयाशेजारच्या रोझेनब्लाट स्टेडियममध्ये व्हायची, 2011 पासून गावात बांधलेल्या नव्या मैदानावर होते. सध्या त्याला चार्ल्स श्वाब फील्ड म्हणतात. अंतिम फेरीच्या मागे लागू नका. ती महाग पडते आणि कोण पोहोचेल ते कुणालाच ठाऊक नसतं. पहिल्या चार दिवसांत या, आठही संघ बघायला मिळतात आणि दिवसाला दोन सामने असतात. आउटफिल्डची, म्हणजे बॅटरपासून लांब, सीमेपलीकडची साधी तिकिटं घ्या, तिथे जागा पकडावी लागते, पण खरी गंमत तिथेच. बॅट धातूची असते, तिचा 'टिंग' आवाज पहिल्या दिवशी विचित्र वाटेल. पारदर्शक पिशवीच आत नेऊ देतात, पाण्याची सोय आधी विचारून घ्या, दुपारचं ऊन आपल्या विदर्भाची आठवण करून देतं. वादळ आलं तर सामना तासन् तास थांबतो, वैतागू नका. अंपायरही माणसंच असतात, आम्हीही आत बसून चहाच शोधत असतो.

मैदानासमोर रॉकोज नावाचं पिझ्झाचं दुकान आहे. तिथे प्रत्येक कॉलेजच्या नावाने जेली शॉट, म्हणजे दारू घातलेली जेली, विकतात आणि कुणाच्या लोकांनी किती घेतले ते फळ्यावर लिहितात. 2023 मध्ये एलएसयूवाल्यांनी 68,888 घेतले होते. मुलाला घेऊन जाताय म्हणून आधीच सांगून ठेवलं.

आणि घरी नाशिकला असाल तर संध्याकाळी सहाचा सामना तुमच्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो. मुलाशी बोलताना स्कोअर विचारू नका. उद्या पिचिंगला कोण आहे, एवढंच विचारा.